डावीकडचा आवाज

"ही घेऊ नका."

हर्षल बोलून गेला आणि त्याने लगेच जीभ चावली. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो केबलच्या टोकांना लावायचे जॅक घ्यायला आला होता, लोकांना सल्ले द्यायला नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या हातात दुकानदाराने जी केबल ठेवली होती, ती बघून त्याला राहवलं नाही. शेवईएवढी बारीक वायर, टोकांना चकचकीत प्लॅस्टिक, आणि पाकिटावर ऐटीत छापलेलं – सुपर हाय-फाय!

ती मुलगी वळली. जानेवारीतली थंडी होती, तिने स्कार्फ गळ्यात सैल सोडला होता आणि नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"का घेऊ नको?"

"आत जाळी नाय तिच्यात. म्हणजे... तारेभोवती तांब्याची जाळी लागते, बाहेरची खरखर अडवायला. ही नुसती दोरी आहे."

"न उघडताच कळलं तुम्हाला?"

"वाकवून बघा. लय लवकर वाकते."

तिने वाकवली. केबल निमूटपणे वाकली. दुकानदार म्हणाला, "अहो भाऊ, गिऱ्हाईक तरी टिकू द्या!" आणि त्यावर ती हसली. हसताना तिने हात तोंडाशी नेला नाही, मोकळी हसली. हर्षलला उगाचच आपले सोल्डरिंगने काळवंडलेले अंगठे लपवावेसे वाटले.

"ही तिसरी असती माझी," ती म्हणाली. "कॉम्प्युटरपासून ॲम्प्लिफायरला जोडायची. दर वेळी तेच होतं. डावीकडून आवाज कमी येतो."

"गाणी ऐकता?"

"माणसं ऐकते. पुण्याच्या एका कंपनीसाठी काम करते, घरूनच. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात आणि मी त्यांच्या चुका काढते."

"मग माझ्याही काढल्या असतील आत्तापर्यंत."

"दोनच," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "पण सांगणार नाही. त्याचे मला पैसे मिळतात."

तिचं नाव स्नेहल. नाशिक रोडला, जेल रोडच्या एका कॉलनीत राहते, एवढं दुकानाच्या पायरीवरच कळलं. हर्षल मूळचा दिंडोरी तालुक्यातला. सातपूरच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करायचा आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने हाय-फायच्या केबल बनवायचा. हौसच ती, धंदा नव्हे. चांगली तार, चांगला जॅक आणि स्वच्छ सांधा – यापलीकडे जगात फारसं काही लागत नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

"मी बनवून आणतो," तो म्हणाला. "रविवारी."

"आणि तरी डावा आवाज वाढला नाही तर?"

"नाय कसा वाढणार?"

या त्याच्या तोऱ्यावर ती पुन्हा हसली, आणि रविवार ठरला.

स्नेहलच्या घरी तीन माणसं. ती, तिचे वडील अण्णा आणि अण्णांची थोरली बहीण कुसाआत्या. आई तिच्या लहानपणीच गेली, तिला वाढवलं आत्याने. अण्णा नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. उभा जन्म कोऱ्या नोटांवरच्या रेषा तपासण्यात गेलेला, त्यामुळे घरात कॅलेंडरसुद्धा तिरकं लटकलेलं त्यांना खपत नसे. भरात असताना त्यांनी हौसेने ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर घेतले होते. अजून ते दर शनिवारी कोरड्या फडक्याने पुसले जात.

कुसाआत्याला ऐकू येत नसे. तिशीच्या आतच कान गेले. सासरी हाक मारली तरी ओ देत नाही, म्हणून लोकांनी ठरवलं की सून माजली. एके दिवशी तिला माहेरी आणून सोडलं ते सोडलंच. आत्या स्वभावाने हसरी. घरात कुणी हसलं की विचारायची, "काय झालं गं?" आणि ओरडून सांगायचा कंटाळा म्हणून सगळे हात हलवून म्हणायचे, "काही नाही." मग आत्याही हसायची आणि पुन्हा भाजी निवडायला लागायची.

हर्षलने पिशवीतून केबल काढली. गडद निळी, करंगळीएवढी जाड, दोन्ही टोकांना पिवळ्या नळकांड्यांवर बारीक अक्षरं – डावा, उजवा. कारखान्यातली सवय, नाव न घातलेली वायर त्याला सहन होत नसे.

"अरे वा!" अण्णा चष्मा वर करून म्हणाले. "अक्षर सरळ आहे हो."

हर्षल पालथा पडून ॲम्प्लिफायरच्या मागे शिरला. मोबाईलचा चार्जर दुसऱ्या बाजूला नेला, विजेच्या वायरी केबलपासून लांब केल्या, जॅक घट्ट बसवले. मग कॉम्प्युटरवर स्नेहलने एक फाईल लावली. एक बाई पुस्तक वाचत होती. पान उलटल्याचं ऐकू आलं. मग ती घोटभर पाणी प्यायली तेही ऐकू आलं, आणि पुढचं वाक्य सुरू करण्याआधीचा श्वाससुद्धा.

स्नेहलने डोळे मिटले होते. ओठ किंचित विलग, मान जरा कललेली, कानामागची एक बट गालावर आलेली... हर्षल तिच्याकडे बघत राहिला आणि कामातून गेला. दुसऱ्या शब्दांत सांगण्यासारखं त्यात काही नाही.

"किती सुंदर," ती म्हणाली. मग डोळे उघडले. "पण डावा... अजून कमीच आहे."

"अजून?"

"अजून."

हर्षल कामाला लागला. दोष शोधायची त्याच्या धंद्यातली एक सोपी रीत आहे – अदलाबदल. डावी वायर उजवीकडे लावायची. दोष तिच्याबरोबर सरकला तर वायरमध्ये आहे, जागेवर राहिला तर पुढच्या यंत्रात. त्याने केबलची टोकं बदलली.

"आता?"

"डावाच कमी."

त्याने स्पीकरच्या तारा बदलल्या. मग अण्णांना हाताशी घेऊन चक्क स्पीकरच उचलून इकडचा तिकडे केला.

"डावाच," स्नेहल म्हणाली. या वेळी हळू.

त्याने स्वतः तिच्या खुर्चीवर बसून ऐकलं. दोन्ही बाजू अगदी सारख्या. बाईचा आवाज बरोबर मधोमध येत होता. हर्षलच्या मनात एक नकोशी शंका आली. पण रीत ती रीत. एक अदलाबदल अजून बाकी होती.

"मॅडम, जरा... उलट्या बसता का? स्पीकरकडे पाठ करून."

ती बसली. खोलीत थोडा वेळ फक्त ती पुस्तक वाचणारी बाई बोलत होती.

"आता कुठला कमी ऐकू येऊ राहिला?"

"आता..." ती थांबली. "आता उजवा."

उजवा स्पीकर आता तिच्या डाव्या हाताला होता. केबल ठीक होती, यंत्र ठीक होतं. तिकडे स्वयंपाकघराच्या दारात कुसाआत्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती, नेहमीसारखी हसत. हर्षलने तिच्याकडे बघितलं, मग स्नेहलच्या पाठमोऱ्या वेणीकडे. आणि त्याने ती चूक केली. डावा-उजवा आवाज कमी-जास्त करणारं ॲम्प्लिफायरवरचं बॅलन्सचं बटण त्याने बोटभर डावीकडे फिरवलं.

"सरळ बसा. आता?"

तिने ऐकलं. आणि तिचा सगळा चेहरा उजळला. "आता बरोबर! काय केलंत?"

"काय नाय," हर्षल म्हणाला. "सांधा लूज होता."

पुढचे सगळे रविवार त्याने जेल रोडला काढले. निमित्तांना तोटा नव्हता. कधी ॲम्प्लिफायर घुमतोय, कधी स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचे, कधी कॉम्प्युटरला आवाजाची वेगळी डबी जोडून बघायची. फेब्रुवारीत हर्षलच्या गावच्या बागेतली द्राक्षं आली. अण्णांनी घड उजेडात धरून मणी सारखे आहेत का ते बघितलं, आत्याने मूठभर देवापुढे ठेवली.

"केबलवाले इतक्या वेळा घरी येतात का हो?" स्नेहलने एकदा चहा देताना विचारलं.

"चांगल्या केबलला देखरेख लागते."

"असं? आणि ती किती वर्षं चालते?"

"नीट ठेवली तर... लय वर्षं."

तिने कप खाली ठेवला, पण नजर खाली केली नाही. मग त्यालाच करावी लागली.

मजेत जावेत असे दिवस होते ते. पण हर्षलला मजा लुटता येईना. दर रविवारी सातपूरहून निघताना तो ठरवायचा, आज सांगायचं. मोटारसायकलवर वाक्यं जुळवायची. द्वारका चौकातल्या सिग्नलपर्यंत वाक्य पक्कं असायचं, उपनगरच्या नाक्यावर डळमळायचं आणि जेल रोडला वळेपर्यंत पार गळून जायचं. दारात ती उभी असायची. तिचं काम कानावर चालतं, हे त्याला दिसत होतं. कान गेलेल्या बाईचं या घरात काय झालं, तेही समोर वावरत होतं. असल्या पोरीला आपण कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितल्यावर ती पुन्हा दार उघडेल का? खरं म्हणजे ही दुसरी भीतीच मोठी होती, आणि तिची त्याला लाज वाटत होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. "शिफ्ट सुटली की या." एवढंच.

तो गेला तेव्हा अण्णा फडकं हातात घेऊन ॲम्प्लिफायरपाशी उभे होते. "काय रे हर्षल, हे बटण कोणी वाकडं केलं? इतके दिवस चष्म्याशिवाय पुसत होतो, या शनिवारी चष्मा लावून पुसताना दिसलं. मी सरळ मधोमध करून ठेवलं."

स्नेहल म्हणाली, "अण्णा, जरा गच्चीवरचे कपडे आणता?" अण्णा गेले. ती खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर, पाठ ताठ.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या रविवारपासनं."

"सव्वा महिना."

"हो."

"मला वर्षापासून माहीत आहे," ती म्हणाली. "एकामागोमाग एक केबल घेत सुटलेल्या बाईला माहीत नसेल? फोन मी उजव्याच कानाला लावते. रात्री उजव्या कुशीवर झोपलं की सगळं घर गप्प होतं. मला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं की केबलच खराब आहे. आणि दुसरंही हवं होतं, की कुणीतरी समोर बसून सांगावं – नाही बाई, केबल ठीक आहे. तुम्ही दोन्हीतलं सोपं केलंत."

"तुमचा चेहरा बघून नाय जमलं..."

"चेहरा बघून बटण फिरवायचं नसतं हो!" तिचा आवाज चिरकला. तिने स्वयंपाकघराकडे बघितलं. आत आत्या कणीक मळत होती. "तिला बघा. सगळं घर तिच्यावर माया करतं. आणि तीस-पस्तीस वर्षं सगळे तिला एकच उत्तर देतात, 'काही नाही'. मला ऐकू न येण्याची भीती नाही वाटत. मला त्या 'काही नाही'ची भीती वाटते. आणि मी विचारलं, काय केलंत, तर तुम्ही काय म्हणालात?"

हर्षलला आठवलं. आठवलं आणि उभ्या उभ्या मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नका येऊ आता," ती म्हणाली.

तो खाली मान घालून निघाला. दारात आत्याने त्याला थांबवून हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. काय झालं, हे तिने विचारलं नाही.

त्या आठवड्यात हर्षलने आयुष्यात पहिल्यांदा एक पॅनेल चुकीचं जोडलं. सुपरवायझर त्याच्याकडे बघून म्हणाला, "बरं नसलं तर घरी जा." घरी जाऊन काय करणार होता? तो मोबाईल हातात घेऊन बसायचा, लिहायचा, पुसायचा. शेवटी जे उरलं ते पाठवलं. 'कानाच्या डॉक्टरकडे जा. सव्वा महिना माझ्यामुळे वाया गेला. माफ करा म्हणत नाय. आधी जा.' तिने वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही.

आठव्या दिवशी पहिली पाळी सुटली, गर्दी गेटबाहेर सांडली, आणि समोरच्या वडाखाली स्कूटर लावून स्नेहल उभी होती. ओळखीच्या दोघा-तिघांनी हर्षलला कोपर मारलं. त्याचं लक्षच नव्हतं.

"चार वाजताची वेळ घेतलीय डॉक्टरांची," ती म्हणाली. "अण्णांना नेलं तर ते तपासणीआधीच रडतील. तुम्ही चला."

"मी?"

"राग गेलेला नाही माझा. पण एकटीला जाववत नाही."

गंगापूर रोडच्या त्या दवाखान्यात एक काचेची खोली होती. स्नेहलच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. हर्षल काचेबाहेर उभा होता. आधी उजवा कान. तिचा अंगठा भराभर हलत होता. मग डावा. पलीकडे बसलेली बाई एकेक आवाज सोडत होती, कागदावर फुल्या मारत होती. स्नेहलचा अंगठा बटणावर तसाच होता. ती वाट बघत होती. अगदी मन लावून, शहाण्या मुलीसारखी वाट बघत होती. हर्षलला ते बघवेना, पण त्याने तोंड फिरवलं नाही.

डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं. कानाच्या आत एक इवलंसं हाड असतं, ते हललं की आवाज पुढे जातो. तिचं जखडलं होतं. घराण्यात असतं पुष्कळदा. ऑपरेशनने बहुतेक वेळा सुधारतं. शंभरात एखाद्याचा मात्र तो कान कायमचा जातो. दुसऱ्या कानावरही लक्ष ठेवावं लागेल.

"महिनाभर उशीर झाला, त्यानं बिघडलं का?" हर्षलने विचारलं.

"महिन्याने फार बिघडत नाही. वर्षापूर्वी आला असता तर बरं झालं असतं."

"वर्षभर मी केबल घेत होते," स्नेहल म्हणाली. तिने हर्षलकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी तिच्या नजरेतला काटा थोडा बोथट झाला.

घरी अण्णा रडलेच. मग डोळे पुसून त्यांनी डॉक्टरांचा कागद टेबलाच्या कडेशी सरळ लावून ठेवला. स्नेहल आत्यापुढे बसली. वहीत मोठ्या अक्षरात तिने लिहिलं: 'तुझंही हेच होतं आत्या. कानातलं हाड. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान.'

आत्याने वही लांब धरून वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून डब्यातला तांदळाचा एक दाणा तळहातावर घेऊन आली.

"एवढंसं?" ती म्हणाली. "आणि ते म्हणायचे, मी माजले."

मग स्नेहलने तिला मिठी मारली आणि त्या दोघी कितीतरी वेळ तशाच राहिल्या. हर्षल चपला घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. अर्ध्या तासाने स्नेहल बाहेर आली.

"रविवारी या," ती म्हणाली. "बटण मधोमधच राहील. आणि मला बरं वाटावं म्हणून यापुढे काहीही करायचं नाही. खरं असेल ते सांगायचं. जमेल?"

"जमेल."

"विचार करून सांगा. अवघड आहे ते."

"विचार करून सव्वा महिना घालवला ना," हर्षल म्हणाला. "आता नाय करत."

तिने पुण्याच्या कंपनीलाही स्वतःच कळवलं. तिकडून सुट्टी मिळाली. पुढचं बघू, असंही उत्तर आलं. बघू म्हणजे काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये ऑपरेशनचा दिवस उजाडला. सकाळची उन्हं दवाखान्याच्या व्हरांड्यात आली होती. स्नेहल हिरव्या कपड्यांत बाकावर बसली होती, केस टोपीत घातलेले, हातातल्या बांगड्या काढलेल्या. ती फार लहान दिसत होती. एका बाजूला आत्या तिचा हात धरून होती. समोर अण्णा येरझाऱ्या घालत होते.

"अण्णा, फसलं तर?" तिने अचानक विचारलं.

"छे छे! असं अभद्र बोलायचं नाही. काही होत नाही. देव आहे ना!" अण्णा घाईघाईने म्हणाले, आणि खिडकीवर फॉर्म भरायला बोलावलं तेव्हा सुटका झाल्यासारखे तिकडे गेले.

स्नेहलने मग हर्षलकडे बघितलं. तोच प्रश्न, या वेळी नुसत्या डोळ्यांनी.

त्याला म्हणता आलं असतं, नाय फसणार. ते शब्द अगदी जिभेवर होते. सगळेच तसं म्हणत होते आणि त्यात कुणाचं पाप नव्हतं.

"फसू शकतं," हर्षल म्हणाला. "शंभरात एकाचं फसतं. तुमचं फसलं तर डाव्या कानानं पुन्हा कधी ऐकू येणार नाय. काम सुटू शकतं."

तिचा चेहरा पांढरा पडला. पण तिने मान खाली घातली नाही. "मग?"

"मग..." त्याचा आवाज हलला. "मग मी जन्मभर तुमच्या उजवीकडनं चालीन."

व्हरांड्यात कुठेतरी एक स्ट्रेचर करकरत गेलं. हर्षलला आपण काय बोललो ते बोलल्यानंतर कळलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"जन्मभर?" तिने विचारलं.

"हो."

"आणि नाही फसलं तर?"

"तर... तुम्ही म्हणाल त्या बाजूनं."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ओठांवर मात्र तेच दुकानातलं मोकळं हसू होतं. आत्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "काय झालं गं?"

स्नेहल तिच्याकडे वळली. वही हाताशी नव्हती. मग तिने आत्याचा तळहात उघडला आणि बोटाने एकेक अक्षर सावकाश काढत गेली, हर्षलचं सगळं वाक्य, एकही शब्द न गाळता. आत्याने शेवटचं अक्षर मुठीत धरलं आणि मूठ छातीशी नेली.

नर्स दार उघडून नाव पुकारत होती. स्नेहल उठली. दोन पावलं गेली आणि वळली.

"अण्णांना तू सांगायचंस हं," ती म्हणाली. "मी बाहेर यायच्या आत."

दार मिटलं. हर्षलने शर्टची बाही खाली ओढली, बटणं नीट केली आणि खिडकीपाशी गेला. अण्णा फॉर्मवरच्या रेषेवर बरोबर मधोमध सही करत होते.

"काका," तो म्हणाला, "जरा बोलायचं होतं."